बाळ अंगावर घेऊन फिरताना डायपर बॅग कशी निवडायची: पायरीपायरीने

बहुतेक जण डायपर बॅग टेबलावर ठेवून निवडतात. कप्पे किती, रंग कोणता, बाटलीची जागा आहे का, एवढं बघितलं की झालं. मग पहिल्यांदा बाळाला कॅरिअरमध्ये, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या झोळीत, घेऊन बाहेर पडलं की कळतं, पट्टा कॅरिअरच्या पट्ट्यावरून घसरतोय, चेन उघडायला दोन हात लागतायत आणि आतलं काही दिसतच नाहीये, कारण हनुवटीखाली बाळाचं डोकं आहे.

बाबागाडीसोबत वापरायची बॅग आणि बाळ अंगावर असताना वापरायची बॅग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गाडीला लटकवलेली बॅग कितीही मोठी, कितीही अवघड उघडणारी असली तरी चालून जातं. अंगावरच्या बॅगेला एक कसोटी पार करावीच लागते: बाळाला न हलवता ती घालता आली पाहिजे, उघडता आली पाहिजे आणि काढता आली पाहिजे. ही कसोटी धरून चाललात की अर्ध्याहून जास्त पर्याय आपोआप गळतात. खालचा क्रमही महत्त्वाचा आहे. तो उलटा केला की घोळ होतो.

1. आधी बाळ कुठे असणार ते ठरवा

बॅग बघायला जाण्याआधी स्वतःला विचारा: पुढचे काही महिने बाळ पुढे छातीवर असणार, कमरेवर एका बाजूला असणार, की पाठीवर? लहान बाळ बहुधा पुढेच असतं. मान धरून नीट बसायला लागलेलं बाळ कमरेवर किंवा पाठीवरही जातं. तुम्ही रॅप (अंगाभोवती गुंडाळून बांधायचं लांब कापड) वापरता, रिंग स्लिंग (एका खांद्यावर दोन रिंगांतून ओवलेलं कापड) वापरता की बकलांचं कॅरिअर, हेही लिहून ठेवा.

बकलांचं कॅरिअर असेल तर ते घालून आरशाकडे पाठ करा आणि पट्टे बघा. काही कॅरिअरचे पट्टे पाठीवर सरळ उतरतात आणि मानेखाली एका आडव्या क्लिपने जोडलेले असतात. काहींचे पट्टे पाठीवर फुली करून जातात. सॅक घेणार असाल तर ती नेमकी याच जागेवर टेकणार आहे. सरळ पट्ट्यांच्या कॅरिअरमध्ये ती क्लिप सॅक आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये दाबली जाते. सुरुवातीला जाणवत नाही, थोडं चाललं की टोचायला लागते.

घरात बाळाला घेऊन फिरणाऱ्या दोन व्यक्ती असतील, एक उंच आणि एक बुटकी, तर दोघांनीही कॅरिअर घालून बघा. बॅग एकच घ्यायची असेल तर पट्टा दोन्ही अंगांना पुरेल इतका लांब-आखूड व्हायला हवा.

2. त्यावरून बॅगेचा प्रकार ठरवा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

एका खांद्यावरून तिरपी घ्यायची बॅग बघायला आटोपशीर वाटते आणि पुष्कळ जण तीच घेतात. पण तिच्या पट्ट्याचा विचार करा. तो तुमच्या धडाभोवती पूर्ण वळसा घालतो: एका खांद्यावरून पुढे, पुढून दुसऱ्या बाजूच्या कमरेकडे, तिथून पाठीमागून परत खांद्यावर. म्हणजे बाळ पुढे असो की मागे, पट्टा एक तर बाळाच्या वरून जाणार नाहीतर बाळ आणि तुम्ही यांच्यामधून. वरून गेला तर तो बाळाच्या मानेवर, डोक्यावर किंवा पाठीवर येतो. हे चालणारच नाही. मधून न्यायचा असेल तर बॅग आधी घालावी लागते आणि मग बाळाला उतरवल्याशिवाय बॅग निघत नाही. यावर उपाय एकच: पट्ट्याला मध्येच उघडणारं बकल असलेली बॅग. तसं बकल नसेल तर बाळ पुढे किंवा पाठीवर असताना तिरप्या बॅगेचा नाद सोडा.

बाळ पुढे असेल तर दोन्ही खांद्यांची सॅक. तिचे पट्टे खांद्यांभोवतीच वळतात, धड ओलांडत नाहीत. पुढच्या वजनाला मागून थोडा तोलही मिळतो. पण सॅक मोठी नको. तिचा वरचा काठ मानेच्या वर जाऊ नये आणि तळ कॅरिअरच्या कमरपट्ट्यावर टेकू नये. पुढे घेताना कमरपट्ट्याचं बकल मागे असतं. सॅक त्यावर बसली की बकल कमरेत रुततं.

पट्ट्यांच्या जाडीबद्दल माझं मत लोकांच्या समजुतीच्या उलट आहे. जाड, गुबगुबीत पट्टे आरामदायी असतील असं वाटतं, पण कॅरिअरच्या जाड पट्ट्यावर सॅकचा जाड पट्टा ठेवला की तो गोल फिरून घसरतो. रुंद, पण चपटा पट्टा जास्त चांगला टिकतो.

> इशारा: सॅकच्या दोन पट्ट्यांना छातीवर जोडणारी जी आडवी पट्टी असते, ती बाळ पुढे असताना कधीही लावू नका. ती बाळाच्या मानेवर किंवा तोंडावर येते, किंवा बाळाला छातीत दाबते. पट्टे घसरतात म्हणून ती लावायचा मोह होतो. त्याऐवजी पट्टे आखूड करून सॅक पाठीला घट्ट आणि उंच बसवा. आडवी पट्टी निघणारी असेल तर काढूनच ठेवा, म्हणजे ती बाळाच्या चेहऱ्यासमोर लोंबणार नाही.

बाळ कमरेवर असेल तर कमरेचा पाऊच किंवा छोटी सॅक. रिंग स्लिंगमध्ये कापड रिंगांच्या पकडीवर धरलेलं असतं, त्यामुळे सॅकचा पट्टा रिंगांवर किंवा त्यांच्या खाली लोंबणाऱ्या कापडावर बसू देऊ नका. पाऊच असेल तर बाळाच्या विरुद्ध बाजूला सरकवा.

बाळ पाठीवर असेल तर पर्याय कमी उरतात. कमरेचा पाऊच पुढच्या बाजूला घेता येतो, पण त्याचा पट्टा मागे बाळाच्या बुडाखालून जातो. तो पायांवर चढत नाही ना, हे दुसऱ्या कुणाकडून बघून घ्या. छोटी सॅक पुढे उलटीही घालता येते. मात्र तेव्हा स्वतःची पावलं दिसत नाहीत, त्यामुळे जिन्यावर ती काढून हातात धरा.

*तपासा:* इथपर्यंत आल्यावर तुमच्याकडे एका ओळीचं उत्तर हवं. उदाहरणार्थ, "बाळ पुढे, बकलांचं कॅरिअर, पट्टे फुलीचे, म्हणून छोटी सॅक." हे ठरलं नसेल तर अजून बॅगा बघू नका.

3. सामान मांडा आणि वजन करा

बॅगेचा आकार सामानावरून ठरवायचा. उलटं केलं तर जेवढी जागा तेवढं सामान होतं. एरवी नेता ते सगळं जमिनीवर मांडा.

डायपरचा साधा हिशोब: बाहेर असण्याच्या दर दोन-तीन तासांना एक, वर दोन जादा. अगदी तान्ह्या बाळाला याहून जास्त लागू शकतात. कापडी लंगोट वापरत असाल तर तेवढेच लंगोट दुप्पट-तिप्पट जागा घेतात आणि ओले लंगोट घरी परत आणायचे असतात. त्यामुळे जलरोधक पिशवीची वेगळी जागा धरा. वाइप्सचं अख्खं पाकीट नेण्याऐवजी थोडे झाकणाच्या छोट्या पाकिटात काढून घ्या. ओल्या वाइप्सचं वजन कुणी धरत नाही, पण बॅग जड व्हायला तेही हातभार लावतात. याशिवाय घडीची चटई, बाळाचा एक पूर्ण कपड्यांचा जोड, लाळेरं, एक पातळ दुपटं आणि तुमच्यासाठी एक टीशर्ट. शेवटची वस्तू लोक हमखास विसरतात. बाळ अंगाला चिकटून असताना डायपर गळला तर तुमचेही कपडे भिजतात.

दुधाची व्यवस्था बॅगेचा आकार बदलून टाकते. अंगावर पिणाऱ्या बाळासाठी जवळजवळ काहीच लागत नाही. काढून ठेवलेलं आईचं दूध साधारण 25 अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात 4 तासांपर्यंत ठेवता येतं, आणि गोठवलेल्या आइसपॅकसह उष्णतारोधक पिशवीत 24 तासांपर्यंत. तयार केलेलं फॉर्म्युला दूध 2 तासांच्या आत वापरायचं असतं आणि बाळाने बाटलीला तोंड लावल्यावर 1 तासात संपवायचं किंवा टाकून द्यायचं. म्हणून बरेच जण पावडर आणि गरम पाणी वेगळं नेतात. तुम्हीही तसं करत असाल तर थर्मास उभा राहील असा बाहेरचा घट्ट कप्पा बॅगेला हवाच.

आता वजन. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसतं उभं राहा, मग सामान घेऊन उभं राहा आणि वजाबाकी करा. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो, हे विसरू नका. सात किलोचं बाळ पुढे, एक किलोची रिकामी बॅग आणि वर तीन किलोचं सामान म्हणजे अकरा किलो, तेही त्याच खांद्यांवर आणि त्याच कमरेवर. माझ्या मते बॅग भरून तीन किलोच्या आत राहिली पाहिजे. त्यासाठी रिकामी बॅग हलकीच घ्यावी लागते. चामड्याची किंवा जाड कापडाची देखणी बॅग रिकामीच इतकी जड असते की तिथेच गणित फसतं. बाळंतपण नुकतंच झालं असेल, विशेषतः सिझेरियन झालं असेल, तर किती वजन उचलायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

4. बॅग हातात घेऊन तपासा

दुकानात किंवा घरी पार्सल आल्यावर, किमतीची चिठ्ठी न काढता, या गोष्टी करून बघा.

*एका हाताने चेन.* एक हात छातीवर ठेवा, जणू बाळाचं डोकं धरलंय. दुसऱ्या हाताने चेन उघडा आणि बंद करा. नवी चेन अडते तेव्हा आपण नकळत दुसऱ्या हाताने कापड ताणून धरतो. तुम्हाला तसं करावं लागलं, तर ती बॅग नको.

*न बघता वस्तू काढणं.* डोळे मिटा आणि वाइप्स, डायपर, फोन एकेक करून बाहेर काढा. बाळ पुढे असताना मान खाली घालून बॅगेत बघता येत नाही. दहा छोटे कप्पे असलेल्या बॅगेपेक्षा तीन मोठे, हाताला वेगळे कळणारे कप्पे असलेली बॅग कितीतरी बरी. पाठीवरच्या सॅकला बाजूने उघडणारा एक तरी कप्पा हवा, म्हणजे एका खांद्यावरून पट्टा उतरवून, सॅक बगलेखाली ओढून हात घालता येतो.

*आवाज.* वेल्क्रो असेल तर एकदा उघडून ऐका. नुकतंच डोळा लागलेलं बाळ छातीवर असताना तो "चर्रर्र" ऐकायचा आहे का, हे तुम्हीच ठरवा. शिवाय वेल्क्रोची खरखरीत बाजू लवचिक रॅपच्या कापडाला अडकते आणि धागे ओढते.

*लोंबणाऱ्या गोष्टी.* चेनला अडकवलेले गोंडे, धातूचे कडे, पट्ट्यांची लांब टोकं. बाळाचा हात पोचला की ते तोंडात जाणार. निघणारे असतील तर काढा, पट्ट्यांची टोकं गुंडाळून रबराने बांधा.

*आतलं अस्तर.* फिकट रंगाचं आणि पुसता येणारं हवं. काळ्या अस्तरात काळ्या मोज्यांचं गाठोडं कधीच सापडत नाही.

*उभी राहते का.* बॅग जमिनीवर ठेवली की कोसळून सगळं बाहेर पडत असेल, तर ते वाकून गोळा करावं लागतं. बाळ पुढे असताना वाकणं हेच टाळायचं असतं.

5. बाळाशिवाय तालीम, मग बाळासह

ही पायरी गाळली जाते आणि मग बॅग परत करायची मुदत निघून जाते.

आधी कॅरिअरमध्ये एक उशी आणि पाण्याने भरलेल्या दोन-तीन बाटल्या ठेवा, साधारण बाळाएवढं वजन होईल असं बघून. बॅग पूर्ण भरून घाला. घरातल्या घरात चाला, जिना चढा-उतरा, गुडघ्यात वाकून खाली बसा आणि उठा. खुर्चीत बसून बघा: सॅक पाठीवर असली तर ती तुम्हाला पुढे ढकलते, बाळावर दाब येतो. म्हणजे बसण्याआधी सॅक काढायची सवय लावावी लागणार, हे इथेच लक्षात येतं.

*तपासा:* बॅगेचा पट्टा कॅरिअरच्या पट्टा सैल करणाऱ्या बकलावर तर बसत नाही ना? तिथे दाब पडला की चालता चालता कॅरिअर हळूहळू सैल होऊ शकतं.

आता बाळासह, घरातच. बॅग घातल्यावर बाळ आधी होतं तसंच आहे का, ते बघा. चेहरा उघडा आणि तुम्हाला दिसणारा, कपाळाचा पापा घेता येईल इतकं डोकं जवळ, हनुवटी आणि छाती यांच्यात निदान एका बोटाची फट, गुडघे बुडापेक्षा वर. बॅगेने यातलं काहीही बदललं तर दोष बॅगेचा आहे, बाळाला त्यात बसवण्याचा प्रयत्न करू नका.

उन्हाळ्यात ही तालीम थोडा जास्त वेळ करा. पुढे बाळ, मागे सॅक म्हणजे तुमच्या अंगाला वारा लागायला जागाच राहत नाही. जाळीची पाठ असलेली सॅक थोडी मदत करते. बाळाच्या कपड्यांचा हिशोब करताना कॅरिअर हाही एक थर धरायचा.

6. भरताना

जड वस्तू पाठीला लागून, बॅगेच्या मध्यावर. पाण्याची बाटली बाहेरच्या टोकाला गेली की सॅक मागे ओढते. एका बदलाचं सामान, म्हणजे एक डायपर, थोडे वाइप्स, कचऱ्याची पिशवी आणि चटई, एका छोट्या पाऊचमध्ये करा आणि तो सगळ्यात वर ठेवा. बदलायची वेळ आली की अख्खी बॅग न उपसता तेवढा पाऊच काढायचा. या एका सवयीने बॅगेतल्या कप्प्यांची गरजच निम्मी होते.

फोन, किल्ल्या, पाकीट सॅकमध्ये ठेवू नका. ते खिशात किंवा कमरेच्या छोट्या पाऊचमध्ये. गर्दीत पाठीवरच्या कप्प्यावर लक्ष ठेवता येत नाही.

> इशारा: प्लास्टिकच्या पातळ पिशव्या, सॅनिटायझर आणि औषधं बाळाचा हात पोचेल अशा बाहेरच्या कप्प्यात नकोत. गरम पाण्याचा थर्मास बाळ अंगावर असताना उघडू नका. आधी बाळाला उतरवा.

7. घालण्याचा आणि काढण्याचा क्रम

घालताना: बॅग भरून, चेन लावून कमरेएवढ्या उंच जागी ठेवा. मग कॅरिअर आणि बाळ. बाळ नीट बसल्याची खात्री करा. शेवटी बॅग, एकेक पट्टा करून. जमिनीवरून बॅग उचलावी लागली तर गुडघ्यात वाका, एक हात बाळाच्या डोक्यामागे. पट्ट्याला धरून सॅक झटक्यात खांद्यावर फेकायची जुनी सवय इथे सोडावी लागते, कारण त्या झटक्यात बाळाच्या डोक्याला बकल लागू शकतं.

काढताना नेमकं उलट: आधी बॅग, मग बाळ. पुष्कळ जण घरी पोचल्यावर थकून बॅग तशीच ठेवून कॅरिअरचं बकल उघडायला जातात. तेव्हा सॅकचे पट्टे कॅरिअरच्या पट्ट्यांवर असतात, कॅरिअर सैल होत नाही आणि ओढाताण सुरू होते. कॅरिअरमध्येच दूध पाजायचं असेल तरी आधी सॅक उतरवा, मग पट्टा सैल करा.

प्रवासात बसायला मिळालं तर सॅक पायांमध्ये ठेवा आणि एक पट्टा पायात अडकवून घ्या. उतरताना ती राहून जात नाही.

8. बाहेर डायपर बदलताना

बॅग उतरवा, वरचा पाऊच काढा, चटई पसरा, डायपर उघडून ठेवा. मग बाळाला कॅरिअरमधून बाहेर घ्या. बाळ आधी बाहेर काढलं तर एका हातात बाळ आणि एका हाताने चटई, अशी कसरत होते. उंच ओट्यावर बदलत असाल तर एक हात सतत बाळावर हवा, त्यामुळे वाइप्स पोचतील इतक्या जवळ आधीच ठेवा. चटई निवडताना बाळ पाय पसरून मावेल एवढी लांबी बघा. काही बॅगांसोबत येणारी चटई इतकी आखूड असते की पाय बाहेर आणि नेमका बुडाखालचा भाग काठावर.

कॅरिअर कमरेला तसंच लोंबत ठेवलं तर पट्टे जमिनीला लागतात. ते कमरपट्ट्यात खोचा.

9. बॅग कधी बदलायची

बाळ पुढून पाठीवर गेलं की पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा. पुढे असताना उत्तम चाललेली सॅक आता पाठीवर घेता येत नाही. तोवर सामानही कमी झालेलं असतं, त्यामुळे कमरेचा पाऊच पुरतो. पाठीवरचं बाळ सॅकच्या पट्ट्यांना आणि केसांना धरून ओढतं, तेव्हा पुढे उलटी सॅक घेतलीत तर तिचे पट्टे चपटे आणि घट्ट ठेवा.

आणि बॅग चांगली असूनही मध्येच खांदे दुखायला लागले, तर नवी बॅग शोधण्याआधी वजनकाट्यावर उभे राहून बघा. बाळ वाढलेलं असतं आणि बॅगेत तीन आठवड्यांपूर्वीचं टोपडं, दोन रिकाम्या बाटल्या आणि आता घट्ट होणारे डायपर तसेच पडलेले असतात.